नान, खलिया आणि अम्मींचे पातेले



गेल्या वर्षी अब्बांचे चेहलुम झाले आणि अम्मी कायमच्या आमच्याकडे कांदिवलीला राहायला आल्या. औरंगाबादचे रोशनगेटजवळचे घर दोन मजली, जिना उभा आणि अम्मींचे गुडघे दुखरे. तिथे त्यांना एकटे ठेवणे शक्यच नव्हते. सामान फार नव्हते: कपड्यांची एक पेटी, जानमाज, अब्बांचा चष्मा आणि एक तांब्याचे पातेले. पातेले एवढे मोठे की चारकोपच्या आमच्या स्वयंपाकघरात ते ओट्यावर ठेवले तर दुसरे काही ठेवायला जागा उरेना. "अम्मी, याचं इथे काय काम?" असे आम्ही हसत विचारले आणि ते पोटमाळ्यावर चढवून टाकले. अम्मी काही बोलल्या नाहीत.

त्यांच्या सुखसोयीत आम्ही काही कमी पडू दिले नाही, असे आम्हांला वाटत होते. हवेशीर खोली दिली, गुडघ्यांसाठी डॉक्टर गाठले, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. स्वयंपाकघरात तर पाऊलही टाकू दिले नाही. "उभ्या जन्मात पुष्कळ केलंत, आता आराम करा," हे आमचे रोजचे वाक्य. तरी महिन्याभरात अम्मींचा कुर्ता खांद्यावरून उतरू लागला. जेवायला बसत, चार घास घेत आणि म्हणत, "अल्हमदुलिल्लाह, पेट भर गया." अन्नाला नाव ठेवणे त्यांच्या स्वभावात नाही. पैगंबर (स.) कधी अन्नाला नावे ठेवत नसत, आवडले तर खात, नाही तर राहू देत, हे त्यांनीच आम्हांला लहानपणी शिकवलेले. त्यामुळे त्यांना काय आवडले नाही, हे ताटात उरलेल्या अन्नावरूनच ओळखावे लागते.

एका जुम्म्याला नमाजनंतर त्यांनी सहज विचारले, "बेटा, इधर नान किधर मिलते?"

मुंबईत नान कुठे मिळत नाही? कोपऱ्यावरच्या हॉटेलातून गरम गरम चार नान आणले, वर लोणी. अम्मींनी अर्धा खाल्ला, बाकीचा रुमालात गुंडाळून ठेवला. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या नानबद्दल विचारत नव्हत्या, त्यांना हवे होते नान-खलिया.

ज्यांनी हे खाल्लेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. औरंगाबादचा नान हॉटेलातल्या पांढऱ्या, लांबट, लवचीक नानसारखा नसतो. तो जाड आणि जाळीदार. पिठाला खमीर लावून ते चांगले फुगू देतात, तंदूरच्या भिंतीला चिकटवून भाजतात आणि वरून गूळ-हळदीच्या पाण्याचा हात फिरवतात. त्याने नानला पिवळसर तांबूस रंग चढतो आणि किंचित गोडवा येतो. हा नान दुसऱ्या दिवशीही खाता येतो. खलिया म्हणजे मटणाचा पातळ रस्सा. आमच्या घरच्या पद्धतीत तळलेला कांदा, भाजून वाटलेले सुके खोबरे, खसखस, शेंगदाणे, दही, आले-लसूण, कोथिंबीर-पुदिना आणि वर बोटभर लाल तर्री. नानचा तुकडा तर्री बाजूला सारून खालच्या रश्शात बुडवायचा. लग्न असो की अकीका, औरंगाबादच्या दावतीला नान-खलिया नसेल तर पाहुणे घरी जाऊन कुजबुजतात.

मग सुरू झाला शोध. आधी जवळची मालवणी. तिथे तंदूरची भट्टी दर गल्लीत, पण "खलिया" म्हटले की समोरचा माणूस गोंधळे. दोष आमच्या उच्चाराचा. शब्द मूळ अरबी, लिहायचा 'क़ाफ'ने, म्हणजे क़लिया. पण आमच्या दख्खनी जिभेवर 'क़ाफ'चा 'ख' होतो. आम्ही वर्गात मुलांकडून 'क़ाफ' घोटून घेतो आणि हॉटेलच्या दारात उभे राहून बिनदिक्कत "खलिया" मागतो. उच्चार सुधारून मागितला तेव्हा एकाने कलिया आणून दिला, पण तो उत्तर प्रदेशच्या पद्धतीचा, घट्ट मसाल्याचा. चव छान होती, पण तो खलिया नव्हता.

मग तीन स्टेशने पुढे मिरा रोडचे नया नगर पाहिले. जोगेश्वरी पाहिली. शेवटी एका शनिवारी रात्री लोकलने चर्नी रोडला उतरून टॅक्सीने मोहम्मद अली रोड गाठला. तिथे सगळ्यांनी एकमुखाने सांगितले, "अरे, तुम्हांला नहारी पाहिजे!" नहारी रात्रभर मंद आचेवर शिजते आणि तिचा रस्सा पिठाने दाट करतात. खलियाला पीठ लागत नाही आणि रात्रभर वाटही पाहावी लागत नाही. नहारी आम्ही बोटे चाटून खाल्ली. अम्मींसाठी डबा भरून आणला. सकाळी त्यांनी दोन चमचे घेतले. "अल्हमदुलिल्लाह," म्हणाल्या, आणि डबा मुलांकडे सरकवला.

एवढ्यावर हार न मानता आम्ही पुतण्याला फोन केला. तो देवगिरी एक्सप्रेसने दोन डझन नान घेऊन आला. पहाटे दादरला उतरून तो कांदिवलीला पोहोचेपर्यंत सगळ्या डब्याला गुळाचा आणि खमिराचा वास सुटला होता. अम्मींनी नानवर पाण्याचा हबका मारला, तव्यावर झाकण ठेवून गरम केले. अनेक दिवसांनी त्या शेगडीजवळ उभ्या राहिल्या होत्या, आणि आम्ही लगेच म्हणालो, "तुम्ही बसा, आम्ही करतो." खलिया आम्ही मोबाइलवरची चित्रफीत पाहून केला. त्या दिवशी अम्मींनी एक पुरा नान खाल्ला. खलियाची वाटी मात्र अर्धीच राहिली.

आमची गाडी नेमकी कुठे अडली होती, ते तोवर कळत नव्हते. मधल्या काळात एक गोष्ट मात्र घडली, तिच्यामुळे आम्ही जरा विचार करू लागलो.

नान-खलियाची कहाणी औरंगाबादेत घरोघरी सांगतात. सन १३२७ च्या सुमारास सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. लोक सांगतात की त्याच्या लष्करासाठी मोठमोठ्या देगांत खलिया शिजे आणि भट्ट्यांत ढिगाने नान भाजले जात. तिथून हा पदार्थ या मुलखात रुजला. शाळेच्या पुस्तकात हाच तुघलक म्हणजे लहरी राजा. आम्हीही तसेच शिकवतो. पण घरी येऊन त्याच्या लष्कराचा नान मिटक्या मारत खातो.

ही कहाणी शब्दशः खरी धरली तरी तिच्यात एक मेख आहे. औरंगाबाद शहर, जे आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर झाले, ते मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले. म्हणजे पदार्थ शहरापेक्षा पावणेतीनशे वर्षांनी जुना! आणि ज्या लाल तर्रीशिवाय आम्ही खलियाला खलिया मानत नाही, ती मिरची हिंदुस्थानात आणली पोर्तुगीजांनी, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला त्यानंतर. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतून आलेला. तुघलकाच्या सैनिकाने जो खलिया खाल्ला असेल त्यात ना मिरची होती, ना शेंगदाणे. अकबराच्या दरबारातही कलिया होताच. अबुल फज़्लच्या 'आईन-ए-अकबरी'त मांसाच्या पदार्थांत त्याचे नाव आहे. मग अस्सल कोणता म्हणायचा?

राजधानीबरोबर जी माणसे दख्खनला आली त्यांत हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब (रह.) यांच्यासारखे सूफी बुजुर्गही होते. काही वर्षांनी सुलतानाने लोकांना दिल्लीला परतण्याची मुभा दिली, पण हजरत इथेच राहिले आणि खुलदाबादला त्यांची मजार आहे. आमचा विचार असा सुरू झाला की, त्या काफिल्यांत किती म्हाताऱ्या आया असतील! दिल्लीची भट्टी, दिल्लीचे पाणी, ओळखीचा नानबाई, सगळे मागे टाकून आलेल्या. त्यांनाही इथला नान पहिल्या दिवशी बेचवच लागला असेल. पण इथल्या पिठाला, इथल्या गुळाला त्यांचे हात लागले असतील, तेव्हाच त्याची चव वेगळी आणि आपली झाली असेल. कुणी त्यांना बसवून ठेवले असते तर?

याच सुमारास धाकट्याने हट्टाने पिझ्झा मागवला. त्याने दादीलाही एक तुकडा दिला. अम्मींनी तो खाण्याआधी उलटा केला आणि खालची बाजू निरखून पाहिली. मग बोटाने दाबून म्हणाल्या, "खमीर अच्छा उठा, मगर भट्टी ठंडी थी." धाकटा आ वासून पाहत राहिला. आम्हीही. पिझ्झा हा इटलीतल्या नेपल्स शहरातल्या गरिबांचा नानच की! तिथले लोक पोटासाठी अमेरिकेला गेले आणि त्यांनी तो बरोबर नेला. वरचा टोमॅटोसुद्धा मुळात अमेरिकेतून इटलीत आलेला. २०१७ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान दिला तो नेपल्सच्या पिझ्झा भाजणाऱ्या कारागिरांच्या कसबाला. आणि अशीच एक कसबी बाई आमच्या घरात सहा महिने पलंगावर बसून होती. आम्ही तिला गावभरचे नान आणून चाखायला देत होतो.

शाबानमध्ये लेकीने कुरआन पूर्ण वाचून संपवले. छोटीशी आमीनची दावत करायची ठरली. हॉटेलातून बिर्याणीचे देग सांगावे असा आमचा बेत. लेक म्हणाली, "दादी, तुम्ही बनवा ना नान-खलिया." आम्ही तिला डोळ्यांनी दटावणार, तोच अम्मी म्हणाल्या, "हौ, बनाती. पतीला उतारो."

पातेले पोटमाळ्यावरून उतरले. आतली कल्हई उडाली होती. कल्हई नसलेल्या तांब्यात दह्याचा रस्सा शिजवणे म्हणजे विष कालवणे. आंबटाने तांबे अन्नात उतरते. एका भांडेवाल्याने कल्हईवाल्याचा पत्ता दिला. त्याने नवसागर टाकून, कथील फिरवून पातेले आतून चांदीसारखे करून दिले. अम्मींनी ते उजेडात धरून कडेपर्यंत तपासले आणि एका जागी पुन्हा हात फिरवायला लावला.

मग अम्मी आमच्याबरोबर रिक्षाने मालवणीला आल्या. ज्या भट्टीवाल्याकडे आम्ही पूर्वी चकरा मारल्या होत्या त्याच्याकडे गेलो. त्याची स्वतःची चिंता वेगळीच होती. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणामुळे लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितले, तेव्हा त्यानेही तंदूर गॅसवर घेतला होता. "अम्माजी, गॅसवर तुमच्यासारखा नान होणार नाही," तो म्हणाला. अम्मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या. "आग कोई बी हो, पहले आटा दिखा," म्हणाल्या.

निम्मा मैदा, निम्मे गव्हाचे पीठ. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घेतला आणि त्या पाण्यात पीठ मळवले. वर ओले फडके टाकून चार तास. भट्टीवरचा बिहारचा पोरगा पुटपुटत होता की गुळाने नान काळे पडतील. पहिल्या घाण्याचे तेच झाले. तीन नान तर भिंतीवरून सुटून खाली पडले. आमचे तोंड उतरले. अम्मींनी पडलेला नान चिमट्याने बाहेर काढायला लावला, तोडून पाहिला, आणि पीठ थोडे घट्ट करून आच कमी करायला सांगितली. गूळ-हळदीचे पाणी भाजण्याआधी लावायचे नाही, नान निघाल्या निघाल्या गरम असतानाच पुसायचे. दुसऱ्या घाण्याला वास आला तो थेट शहागंजच्या गल्लीतला. पोराने स्वतः एक तोडून खाल्ला आणि म्हणाला, "अम्माजी, कल भी आइए."

दावतीच्या दिवशी चार किलो मटणाचे पातेले शेगडीवर चढले आणि दुसऱ्या शेगडीला जागाच उरली नाही. अम्मी स्टूल घेऊन बसल्या. कांदा आम्ही कापला, खोबरे लेकीने भाजले, "अजून नाही, अजून नाही, आता उतर" हे त्यांनी लांबूनच वासावरून सांगितले. खालच्या मजल्यावरच्या काकू शाकाहारी, म्हणून त्यांच्यासाठी दुधी घालून बिनमांसाचा दालचा वेगळ्या भांड्यात आधीच शिजवून ठेवला होता. बावीस माणसे दोन पंगतींत जेवली. अम्मी दारातून प्रत्येकाच्या वाटीकडे पाहत होत्या आणि कुणाची रिकामी दिसली की लेकीला खूण करत होत्या. सर्वांत शेवटी त्या बसल्या आणि दोन नान खाल्ले.

आम्ही न राहवून विचारले, "अम्मी, जमलं का?"

थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "औरंगाबाद का नइं है. पर नान-खलिया है."

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट सांगायचे कारण नानपुरते नाही. आज कितीतरी घरांत गावाकडचे आई-वडील मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिले आहेत. कोणी मालेगावचे, कोणी रत्नागिरीचे, कोणी परभणीचे. आपण त्यांची खिदमत करतो, ती फर्जच आहे. पण खिदमत करता करता आपण त्यांना घरातला पाहुणा करून टाकतो. पाहुण्याला सगळे मिळते, फक्त काम मिळत नाही. ज्या हातांनी चाळीस वर्षे दस्तरख्वान सजवला ते हात मांडीवर रिकामे ठेवायला लावणे, हा आराम नव्हे. आम्ही सहा महिने चव शोधत शहरभर फिरलो, आणि अम्मींना भूक होती ती कुणाला तरी जेवू घालण्याची.

म्हणून आमचा अनुभवाचा सल्ला एवढाच. घरात बुजुर्ग असतील तर त्यांना "काय खाणार?" यापेक्षा "हे कसं करायचं?" असे विचारा. त्यांना उभे राहवत नसेल तर स्टूल द्या, पण स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बसवू नका. त्या सांगतील ते माप मुलांकडून वहीत उतरवून घ्या. "अंदाजाने" म्हणाल्या तर त्यांच्या मुठीतले पीठ वजनकाट्यावर मोजा. आमच्या लेकीच्या वहीत आता अकरा पाककृती झाल्या आहेत. आणि महिन्यातून एकदा त्यांच्या नावाने चार माणसे जेवायला बोलवा. दावत तुमची नसावी, त्यांची असावी.

तुमच्या घरी अम्मी, नानी, दादी यांच्या हातचा गावाकडचा जो पदार्थ असेल, तो त्यांनाच विचारून आम्हांला जरूर लिहून पाठवा. अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या आई-वडिलांना सेहत देवो, आणि जे निघून गेले त्यांची मगफिरत करो. आमीन.

पातेले अजून ओट्यावरच आहे. मिक्सर पोटमाळ्यावर गेला.